कोणाची तपासणी, कोणासाठी?

रोगाची तपासणी आणि धर्मगुरू यांचे नाते फार प्राचीन आहे. जुन्या करारातील लेवीय ग्रंथाचा तेरावा अध्याय ज्यांनी वाचला असेल त्यांना ठाऊक आहे की, इस्राएली समाजात कोणाच्या अंगावर संशयास्पद चट्टा उठला तर त्याला याजकाकडे नेत असत. याजकाने चट्टा पाहावा, त्यावरील केस पांढरा पडला आहे काय ते न्याहाळावे, शंका वाटल्यास त्या माणसास सात दिवस वेगळे ठेवावे, पुन्हा पाहावे आणि मग निर्णय सांगावा. निर्णय दोनच: शुद्ध अथवा अशुद्ध. अशुद्ध ठरलेल्याने फाटकी वस्त्रे नेसून छावणीबाहेर एकटे राहावे. पंधराव्या अध्यायात शरीरातील स्रावांविषयी असेच नियम आहेत. या अध्यायांत तपासणी आहे, निवाडा आहे, बरे झालेल्याच्या शुद्धीकरणाचा विधीही पुढे आहे. औषध मात्र कोठेच नाही. त्या काळी ते नव्हतेच.

मार्कलिखित शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात प्रभू येशू अशा एका छावणीबाहेरच्या माणसाला हात लावतो, त्याला बरे करतो आणि मग त्याला याजकाकडे जाऊन स्वतःला दाखवण्यास सांगतो. हा प्रसंग आपण अनेकदा ऐकला आहे. पण त्यातील एक गोष्ट सहसा आपल्या लक्षात येत नाही. प्रभूने तपासणी रद्द केली नाही. तिचा हेतू बदलला. जी तपासणी माणसाला बाहेर घालवण्यासाठी होत असे, ती त्याला घरी परत आणण्यासाठी होऊ लागली.

लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या रोगांच्या तपासणीचा इतिहास आम्ही याच दृष्टीने मांडू इच्छितो. असा विषय एका धर्मगुरूने आणि तोही साहित्याला वाहिलेल्या या अंकात हाताळावा, हे काही वाचकांना रुचणार नाही, याची आम्हांला कल्पना आहे. परंतु विवाहपूर्व शिबिरांत वधूवरांसमोर बसणारे, बाप्तिस्म्यासाठी आणलेले बालक हातांत घेणारे आणि कधीकधी बाप्तिस्म्याआधीच गेलेल्या बालकाच्या मातेचे सांत्वन करणारेही आम्हीच असतो. ज्या दुःखाच्या अखेरीस आम्हांला बोलावले जाते, त्याच्या आरंभाविषयी आम्ही मौन पाळावे, हे योग्य नव्हे.

आरंभ आपल्याच किनाऱ्यापासून करू. पंधराव्या शतकाच्या शेवटी, इ. स. १४९५ च्या सुमारास, इटलीतील नेपल्सच्या युद्धात एक भयंकर रोग सैन्यात पसरला. इटालियन लोकांनी त्याला फ्रेंच रोग म्हटले, फ्रेंचांनी नेपल्सचा रोग म्हटले, रशियनांनी त्याचे खापर पोलंडवर फोडले. प्रत्येकाने आपल्या शेजाऱ्याचे नाव त्याला दिले. काही वर्षांतच पोर्तुगीजांची गलबते हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागली आणि इकडेही तेच घडले. सोळाव्या शतकातील वैद्य भावमिश्र यांनी ‘भावप्रकाश’ या संस्कृत ग्रंथात या व्याधीला ‘फिरंग’ असे नाव दिले, कारण ती फिरंग्यांच्या संसर्गाने होते, असे त्यांचे निरीक्षण होते. त्यांनी सांगितलेल्या उपायांत पाऱ्यापासून केलेले रसकर्पूर आहे आणि चोपचिनीही आहे. बोलीभाषेत या रोगाला ‘गरमी’ म्हणू लागले. ‘उपदंश’ हा शब्द ग्रांथिक मराठीत आला. परमा हा त्याचाच सोबती.

गोव्यात राहणारे पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांनी १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या औषधिविषयक संवादग्रंथात चोपचिनीवर एक स्वतंत्र संवाद लिहिला आहे. याच ओर्तांकडे मुंबई बेट काही काळ भाडेपट्ट्याने होते. १५३४ मध्ये वसईच्या तहाने वसई, साष्टी आणि मुंबई पोर्तुगीजांकडे गेली. आमचे चारकोप याच साष्टीच्या पश्चिम अंगाला आहे. त्याच्या शेजारच्या पोयसर येथे पोर्तुगीज अमदानीपासून चालत आलेले मंदिर ‘अवर लेडी ऑफ रेमेडी’ म्हणजे उपाय देणाऱ्या मातेचे आहे. ज्या गलबतांनी आपल्या पूर्वजांपर्यंत शुभवर्तमान आणले, त्याच गलबतांतून हा रोगही आला आणि त्यावर उपाय मागण्यासाठी हात जोडण्याची जागाही आली. इतिहास असाच गुंतागुंतीचा असतो. त्यातील गोड तेवढे उचलून उरलेले परक्यांच्या माथी मारणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

पुढील तीनशे वर्षे या रोगाची तपासणी डोळ्यांनीच होत असे. अंगावर व्रण दिसला तर रोग आहे, व्रण भरला की रोग गेला, असा समज होता. वास्तविक उपदंशाचा पहिला व्रण औषधाविनाही भरून येतो आणि रोग शरीरात वर्षानुवर्षे दडून राहतो. हे नीट न उमगलेल्या काळात सरकारने तपासणीचा कायदा केला, आणि तो मुंबईत लागू झाला.

ब्रिटिश सैन्यात उपदंशाने इतके सैनिक निकामी होत होते की, १८६४ साली इंग्लंडमध्ये सांसर्गिक रोगांचा कायदा आला. त्याच वर्षी हिंदुस्थानातील छावण्यांसाठी कँटोन्मेंट कायदा झाला आणि १८६८ साली शहरांसाठी वेगळा कायदा झाला. मुंबईत त्याचा अंमल १८७० मध्ये सुरू झाला. वेश्याव्यवसाय करणाऱ्या स्त्रियांनी पोलिसांत नाव नोंदवावे, ठरावीक दिवशी शरीराची तपासणी करून घ्यावी आणि रोग आढळल्यास ‘लॉक हॉस्पिटल’ नावाच्या रुग्णालयात बरे होईपर्यंत कोंडून घ्यावे, असे त्याचे स्वरूप होते. त्या रुग्णालयात मुख्य औषध होते पारा. त्याने लाळ गळे, दात हलत, आणि रोग समूळ जाईलच याची खात्री नसे.

या कायद्यात तपासणी होती ती केवळ स्त्रीची. तिच्याकडे जाणारा सैनिक, खलाशी, व्यापारी किंवा कारकून यांपैकी कोणाचीही तपासणी नव्हती. सैनिकांची तशी तपासणी पूर्वी होत असे. परंतु ती पुरुषांना अपमानास्पद वाटते म्हणून ब्रिटिश सैन्याने ती सोडून दिली होती. पुरुषाला जो अपमान सोसवत नव्हता, तो स्त्रीवर कायद्याने लादण्यात आला. परिणाम व्हायचा तोच झाला. स्त्रिया नोंदणी चुकवू लागल्या, लपू लागल्या. रोग शोधण्यासाठी केलेल्या कायद्याने रोगी दडवले. खर्चाच्या वादातून मुंबईत हा कायदा १८७२ मध्ये थांबला, १८८० मध्ये पुन्हा सुरू झाला आणि १८८८ मध्ये रद्द झाला.

तो रद्द होण्यामागे इंग्लंडमधील एका ख्रिस्ती स्त्रीचे श्रम होते. जोसेफीन बटलर या अँग्लिकन पाळकाच्या पत्नी. १८६९ पासून त्यांनी या कायद्याविरुद्ध मोहीम चालवली. सभ्य स्त्रीने ज्या शब्दांचा उच्चारही करू नये, असे शब्द त्यांनी भर सभांतून उच्चारले आणि त्याबद्दल शिव्याशाप सोसले. त्यांचा मुद्दा साधा होता: एकाच पापाचे दोन वाटेकरी असताना एकाला मोकळे सोडून दुसऱ्याला पकडणारा कायदा नीतीच्या नावाखाली अन्याय करतो. १८८६ मध्ये इंग्लंडचा कायदा गेला. दोन वर्षांनी आपल्याकडचा गेला.

यानंतर विज्ञानाने वेगाने पावले टाकली. परम्याचा जंतू आल्बर्ट नायसर यांनी १८७९ मध्ये शोधला होता. जर्मनीतील लाइपझिग येथील प्रसूतितज्ज्ञ कार्ल क्रेडे यांच्या लक्षात आले की, नवजात बालकांच्या डोळ्यांना येणारी पू भरलेली सूज आणि तीमुळे येणारे अंधत्व हे प्रसूतीच्या वेळी मातेच्या शरीरातून होणाऱ्या याच संसर्गाचे फळ आहे. त्यांनी जन्मतःच बाळाच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकण्यास आरंभ केला आणि ही पद्धत १८८१ मध्ये प्रसिद्ध केली. दहा टक्क्यांच्या आसपास असलेले प्रमाण एका टक्क्याच्याही खाली आले. मातेला न दुखवता, तिला काहीही दूषण न देता, एका थेंबाने बालकाची दृष्टी वाचवता आली.

१९०५ मध्ये शाउडिन आणि हॉफमन यांना उपदंशाचा नागमोडी जंतू सापडला. १९०६ मध्ये ऑगस्ट फॉन वासरमान यांनी रक्ताची चाचणी शोधली. आता व्रण दिसो वा न दिसो, रक्त बोलू लागले. १९१० मध्ये पॉल एर्लिक यांचे साल्व्हर्सान हे औषध बाजारात आले, तर १९४३ मध्ये पेनिसिलिनने उपदंश बरा होतो, हे सिद्ध झाले. १९४६ मध्ये आली व्हीडीआरएल ही सोपी व स्वस्त रक्तचाचणी. गर्भवती स्त्रीच्या तपासणीच्या कागदावर ही इंग्रजी अक्षरे आजही आढळतात. ती अमेरिकेतील एका गुप्तरोग संशोधन प्रयोगशाळेच्या नावाची आद्याक्षरे आहेत, हे मात्र क्वचितच कोणाला ठाऊक असते.

व्हीडीआरएल चाचणीबद्दल एक गोष्ट प्रत्येक घराने समजून घेतली पाहिजे. ती प्राथमिक चाचणी आहे. हिवताप, कुष्ठरोग, काही सांध्यांचे विकार, इतकेच काय पण क्वचित नुसते गर्भारपणही, यांमुळे उपदंश नसताना ती ‘आहे’ असे दाखवू शकते. म्हणून डॉक्टर दुसरी, खात्रीची चाचणी करतात. पहिल्या कागदावरून घरात भांडण उभे करणे हे अज्ञान आहे. उलट एचआयव्हीच्या बाबतीत लागण अगदी ताजी असेल तर चाचणी ‘नाही’ असे दाखवू शकते, म्हणून ती काही काळाने पुन्हा करण्यास सांगतात. तपासणीला तिची भाषा आहे. ती जाणकाराकडूनच वाचून घ्यावी.

मराठीत या विषयावर प्रथम निर्भीडपणे लिहिणाऱ्यांत रघुनाथ धोंडो कर्वे अग्रभागी होते. मुंबईत प्राध्यापकी करीत असताना त्यांनी १९२१ मध्ये संततिनियमनाचे केंद्र उघडले, पुढे ‘गुप्तरोगांपासून बचाव’ हे पुस्तक लिहिले आणि जुलै १९२७ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. कर्वे यांचे संततिनियमनाविषयीचे आणि विवाहाविषयीचे विचार आम्हांला मान्य नाहीत. ख्रिस्तसभेची शिकवण वेगळी आहे. परंतु रोगाला रोग म्हणावे, तो लपवू नये, आणि नवऱ्याने आणलेल्या रोगाची शिक्षा निरपराध बायकोला व मुलांना होऊ देऊ नये, हे त्यांचे म्हणणे कोणत्या ख्रिस्ती माणसाला नाकारता येईल? त्यांच्यावर खटले झाले, दंड झाले. ज्यांच्याशी मतभेद आहेत त्यांचे ऋण मान्य करणे हीही एक साधना आहे.

औषध आले तरी अधिकाराची जुनी वृत्ती गेली नाही. अमेरिकेतील अलाबामा राज्यात टस्कीगी येथे १९३२ पासून उपदंश झालेल्या सुमारे चारशे गरीब कृष्णवर्णीय पुरुषांचे रक्त सरकारी डॉक्टर वर्षानुवर्षे तपासत राहिले. त्यांना रोगाचे खरे नाव सांगितले नाही आणि पेनिसिलिन मिळू लागल्यावरही दिले नाही. हेतू एवढाच की, उपचाराविना रोग कसा वाढतो ते पाहावे. १९७२ मध्ये वृत्तपत्रांनी हे उघड केले तेव्हा तो प्रयोग थांबला. १९९७ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी राष्ट्राच्या वतीने क्षमा मागितली. त्या चाळीस वर्षांत तपासणीला खंड नव्हता; ज्याची तपासणी होत होती, त्याच्यासाठी मात्र ती नव्हती.

मग आला एड्स. आपल्या देशात एचआयव्हीची लागण प्रथम १९८६ मध्ये मद्रास येथे, डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांच्या कामातून उघड झाली. भीती वणव्यासारखी पसरली. त्या भीतीच्या काळातील एक प्रकरण आमच्या समाजाने कधीही विसरू नये, कारण ते आपल्याच घरातले आहे.

गोव्यातील पर्रा गावचे डॉमिनिक डिसोझा हे नियमित रक्तदान करणारे तरुण होते. १९८९ च्या फेब्रुवारीत पोलिसांनी त्यांना बोलावून नेले. रक्तदानात दिलेल्या त्यांच्या रक्तात एचआयव्ही आढळला होता. पण हे त्यांना कोणी शांतपणे बसवून सांगितलेही नव्हते. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यातील नव्या कलमान्वये त्यांना म्हापशातील एका वापरात नसलेल्या क्षयरोग रुग्णालयात एकटे ठेवण्यात आले. चौसष्ट दिवस ते तेथे होते. दुसऱ्याचा जीव वाचावा म्हणून ज्याने रक्त दिले, त्यालाच त्या रक्ताने छावणीबाहेर काढले.

त्यांच्या मातोश्री लुसी डिसोझा यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाकडे धाव घेतली. न्यायालयाने कलम घटनाविरोधी ठरवले नाही; तथापि डॉमिनिक यांची सुटका झाली आणि जनमताच्या दबावाखाली कायद्यातील सक्ती सैल करण्यात आली. नोकरी गेली, पण डॉमिनिक खचले नाहीत. लागण झालेल्यांना आधार देण्यासाठी त्यांनी १९९२ मध्ये ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली आणि त्याच वर्षी मे महिन्यात त्यांचे निधन झाले. लेवीय ग्रंथातील याजकाच्या हाती निदान औषध नव्हते, ही सबब तरी होती. १९८९ मध्ये आपल्याकडे कोणती सबब होती? एचआयव्ही हस्तांदोलनाने पसरत नाही, एका ताटात जेवल्याने पसरत नाही, हे तेव्हाही ठाऊक होते.

हळूहळू न्यायाची दृष्टी बदलली. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका कामगाराच्या खटल्यात निर्णय दिला की, काम करण्यास समर्थ असलेल्या माणसाला केवळ एचआयव्ही आहे म्हणून नोकरी नाकारता येणार नाही. तो खटला त्या कामगाराला नाव गुप्त ठेवून लढू दिला गेला, हेही तेवढेच महत्त्वाचे. आणि २०१७ मध्ये संसदेने एचआयव्ही व एड्सविषयक कायदा केला. तो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आहे. त्यानुसार माणसाची जाणती संमती घेतल्याशिवाय ही चाचणी करता येत नाही, तिचा निकाल चव्हाट्यावर मांडता येत नाही, आणि त्यावरून नोकरी, शाळा वा रुग्णालय यांची दारे बंद करता येत नाहीत. पत्नीचा निकाल पतीला कळवल्याने तिला मारहाण होईल किंवा घराबाहेर काढले जाईल अशी रास्त भीती असल्यास डॉक्टरने तो कळवू नये, असेही हा कायदा सांगतो. १८७० च्या कायद्यापासून येथवर येण्यास दीडशे वर्षे लागली.

याच काळात गर्भवती मातांसाठी जे घडले, ते आम्हांला या शतकातील मोठ्या कृपादानांपैकी एक वाटते. एचआयव्ही असलेल्या मातेकडून कोणताही उपचार नसताना बाळाला लागण होण्याची शक्यता जागतिक आरोग्य संघटनेच्या मते १५ ते ४५ टक्के असते. योग्य उपचाराने ती ५ टक्क्यांच्या खाली आणता येते. २००० साली महाराष्ट्रासह अधिक लागण असलेल्या राज्यांतील अकरा रुग्णालयांत गर्भवतींना औषध देऊन पाहण्याचा उपक्रम झाला. पुढे प्रसूतीच्या वेळी मातेला नेव्हिरापिनची एक गोळी आणि बाळाला त्याच औषधाचे थेंब, ही पद्धत देशभर पोहोचली. १ एप्रिल २००४ पासून एचआयव्हीचे औषध मोफत मिळू लागले. आरंभीच्या मोजक्या केंद्रांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. २०१४ पासून लागण असलेल्या प्रत्येक गर्भवतीला आजन्म औषध देण्याचे धोरण आले. नियमित औषधाने रक्तातील विषाणू चाचणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, तर त्या व्यक्तीकडून लैंगिक संबंधातून लागण होत नाही, हेही आता सिद्ध झाले आहे.

उपदंशाचे तर याहूनही सोपे आहे. गर्भवतीला उपदंश असेल आणि उपचार झाला नाही, तर मूल पोटातच दगावू शकते, अकाली जन्मू शकते किंवा रोग घेऊनच जन्माला येते. त्यावर बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन आहे. प्रसूतीच्या निदान तीस दिवस आधी ते मिळाले तर बाळाचे रक्षण होते. एवढे सोपे असूनही २०२२ साली जगात सुमारे ११ लाख गर्भवतींना उपदंश होता आणि त्यातून ३,९०,००० हून अधिक प्रसूतींचा परिणाम वाईट झाला, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. क्यूबा हा देश २०१५ मध्ये मातेकडून बाळाला होणारी उपदंशाची व एचआयव्हीची लागण थोपवणारा जगातील पहिला देश म्हणून मान्यता पावला. तिसरा शत्रू कावीळ ब. मातेला ती असल्याचे आधी कळले तर जन्मापासून चोवीस तासांच्या आत बाळाला लस व इतर संरक्षण देता येते.

आता आमच्या चारकोपकडे वळू. गावठाण जुने आहे. पण आजची वस्ती मुख्यतः १९८५ नंतर, जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पातून उभी राहिली. पस्तीस-पस्तीस भूखंडांची एकेक सहकारी संस्था, मध्ये सामाईक अंगण आणि भोवती घरे, अशी तिची मांडणी. या अंगणांनी माणसे जोडली. लग्नाचे मांडव येथेच पडतात, क्रिब येथेच सजते, शेजारच्यांचा गणपतीही येथेच बसतो. परंतु पस्तीस दारे ज्या अंगणात उघडतात, तेथे कोण कोणत्या दवाखान्यात गेले, ही बातमीही लपत नाही. तपासणीला न जाण्याचे खरे कारण अनेकदा पैसा नसतो. तपासणी तर कांदिवलीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर रुग्णालयासारख्या महापालिकेच्या रुग्णालयात होते, आणि केंद्र सरकारच्या मातृत्व अभियानात २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला गर्भवतींची मोफत तपासणी ठरलेली आहे. खरे कारण असते अंगण काय म्हणेल ही धास्ती.

आणि दुसरे कारण त्याहून जुने आहे. गर्भारपणात रक्त तपासले जाते ते पत्नीचे. म्हणून रोग असेल तर तो प्रथम तिच्या कागदावर दिसतो. प्रथम तिचा कळला, म्हणून तो तिनेच आणला, असा निवाडा घरातील न्यायालयात तत्काळ होतो. सासू बोलते, नणंद बोलते. नवरा गप्प राहतो आणि स्वतःचे रक्त तपासून घेत नाही. परिणामी पत्नीवर उपचार होऊनही तिला तोच रोग पुन्हा होऊ शकतो, कारण उपदंश एकदा बरा झाला म्हणून पुन्हा होत नाही असे नाही. मुंबईचा १८७० चा कायदा १८८८ मध्ये पुस्तकातून गेला. पुष्कळ घरांतून तो अजून गेलेला नाही. तपासणी स्त्रीची आणि मोकळीक पुरुषाची, हाच त्याचा गाभा होता.

यावर काही मंडळी सुचवतात की, लग्नाआधी एचआयव्हीची चाचणी सक्तीची करावी आणि तिचा दाखला असल्याशिवाय धर्मगुरूने लग्न लावू नये. गोव्यात सरकारी पातळीवरही २००६ मध्ये असा विचार पुढे आला होता. हेतू चांगला आहे. पण इतिहास काय सांगतो? अमेरिकेतील इलिनॉय राज्याने १ जानेवारी १९८८ पासून असा कायदा केला. पहिल्या सहा महिन्यांत सुमारे सत्तर हजार अर्जदारांमध्ये लागण आढळली केवळ आठ जणांना; आणि असंख्य जोडपी सीमा ओलांडून शेजारच्या राज्यांत लग्ने करू लागली. १९८९ मध्ये तो कायदा मागे घेण्यात आला. सक्तीने लोक तपासणीकडे येत नाहीत, तिच्यापासून पळतात. १८७० च्या मुंबईने हेच दाखवले होते. शिवाय लग्नाआधीचा दाखला लग्नानंतरच्या निष्ठेची हमी देत नाही.

सक्ती नको याचा अर्थ लपवाछपवी चालेल असा नव्हे. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या धर्मसंहितेतील कलम १०९८ स्पष्ट आहे: संमती मिळवण्यासाठी, वैवाहिक जीवनाला स्वभावतःच गंभीर बाधा आणणारी आपली एखादी बाब कपटाने लपवून केलेले लग्न वैध ठरत नाही. म्हणून आम्ही वधूवरांना दाखला मागत नाही. दोघांनी मिळून, स्वखुशीने तपासणी करून घ्यावी आणि निकाल एकमेकांना सांगावा, असे सुचवतो. ‘दोघांनी’ हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो. निकाल काहीही असला तरी त्या दोघांनी पुढचा निर्णय डोळे उघडे ठेवून घ्यावा. पापनिवेदनात ऐकलेले जसे धर्मगुरूच्या ओठांबाहेर पडत नाही, तसेच समुपदेशन व चाचणी केंद्रातील कागदाचे असावे, अशी अपेक्षा बाळगण्याचा त्यांना हक्क आहे.

काही वाचक विचारतील, हे रोग पापाचे फळ नव्हेत काय? आम्ही इतकेच म्हणू की, पाप परमेश्वरासमोर मांडावयाचे असते आणि त्याची क्षमा मागावयाची असते. रक्त डॉक्टरासमोर धरावयाचे असते. एकाचे काम दुसऱ्याने करू नये. रक्ताच्या कागदावर पाप लिहिलेले नसते. त्यावर जंतूचे नाव असते, आणि तो जंतू निष्ठावान पत्नीत असतो, रक्त घेतलेल्या रुग्णात असतो, अद्याप जन्मही न घेतलेल्या बालकात असतो. शिवाय या रोगांपैकी बहुसंख्य काही लक्षणे न दाखवता शरीरात राहतात. तेव्हा ‘मला काही त्रास नाही’ हे तपासणी टाळण्याचे कारण होऊ शकत नाही.

चारकोपच्या तरुण पतींना आम्ही कोणतेही मोठे व्रत सांगत नाही. पत्नीला दिवस गेले आणि ती पहिल्या तिमाहीत नाव नोंदवण्यासाठी रुग्णालयात निघाली, की तिच्यासोबत जावे. तिची बाही वर सरकेल तेव्हा आपलीही सरकवावी. कोणाला विचारायला संकोच वाटत असेल तर १०९७ या मोफत दूरध्वनी क्रमांकावर नाव न सांगता विचारता येते. गुप्तरोगांच्या उपचारासाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ या नावाने सरकारी दवाखाने आहेत. सासवांना आमची विनंती अशी की, सुनेचा कागद पाहण्याची घाई करू नये. पाहिलाच, तर आधी मुलाला रुग्णालयात पाठवावे.

याजकाच्या तपासणीपासून निघालेला हा इतिहास लॉक हॉस्पिटलच्या कुलपातून, टस्कीगीच्या वहीतून आणि म्हापशाच्या त्या रिकाम्या इमारतीतून आपल्या प्रसूतिगृहापर्यंत पोहोचला आहे. या सर्व ठिकाणी सुई तीच आणि रक्तही तेच. कोणाची तपासणी आणि कोणासाठी, एवढ्या दोन प्रश्नांच्या उत्तरावर ती शिक्षा ठरली किंवा कृपा ठरली. सुदैवाने ते उत्तर आता कोणा सरकारच्या हाती नाही. बऱ्याच अंशी ते आपल्या अंगणांच्या हाती आहे.